विहीर एकच होती

२०१२ च्या सप्टेंबरात गोव्यातल्या फोंड्याच्या माझ्या हिशेब-कराच्या फर्मकडे १६३ पार्ट्या, म्हणजे गिऱ्हाइके, होती. आकडा नेमका आठवतो, कारण तो कागदावर लिहून मी टेबलाच्या काचेखाली सारून ठेवला होता. दर महिन्याला जुना कागद काढायचा, नवा सारायचा. पार्टी वाढली की आम्ही फोंड्याच्या वरच्या बाजारातून भजी-पाव मागवायचो. फर्म वाढते आहे हे कळायला एवढे पुरेसे वाटायचे.

१० सप्टेंबर २०१२, सोमवार. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल तीनच दिवसांपूर्वी संसदेत आला होता आणि त्या दिवशी राज्य सरकारने खाणींवर तात्पुरती स्थगिती आणली. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, नऊ दिवसांवर होती. आमचे म्हणणे, दर पावसाळ्यात खाणी बंदच असतात, चवथ झाली की सुरू होतील. पुढच्या महिन्यात, ५ ऑक्टोबरला, सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, तेव्हा ऑफिसात पहिल्यांदा शांतता पसरली.

त्या रात्री मी पार्ट्यांची यादी काढली आणि लाल पेन्सिल घेतली. ज्यांचा पैसा खाणीतून येतो त्यांच्यापुढे खूण. ट्रकवाले सरळच होते: उसगाव, धारबांदोडा, सावर्डे, कुडचडे इथले ७४ जण. मग पोकलेनवाले, बार्जवाले, टायरवाले. मग मी थांबले. तिस्कावरचा गॅरेजवाला? त्याच्याकडे येणाऱ्या दहांतल्या आठ गाड्या खनिजाच्या. ट्रक ड्रायव्हरांना जेवण देणारी खानावळ? हार्डवेअरवाला, ज्याचा सगळा माल खाणीच्या पैशाने बांधल्या जाणाऱ्या घरांत जात होता? सोनार? पहाटे दोन वाजता मोजले तर १६३ पैकी १२१ खुणा. आम्ही त्यांना वाहतूकदार, गॅरेज, हॉटेल, किराणा अशा वेगवेगळ्या फायलींत ठेवले होते आणि म्हणून समजत होतो की आपला धंदा विखुरलेला आहे. घागरी १६३ होत्या, विहीर एकच होती.

थोडे मागचे सांगते. मी सीए नाही. बी.कॉम. झाल्यावर फोंड्यातल्याच एका कर सल्लागारांकडे चार वर्षे काम केले. २००५ मध्ये व्हॅट आला तेव्हा रात्र रात्र बसून जुन्या विक्रीकराच्या वह्या नव्या नमुन्यात उतरवल्या. २००६ च्या शेवटी स्वतःचे सुरू केले: एक खोली, एक संगणक, हिशेबाचे टॅली सॉफ्टवेअर आणि नवऱ्याची जुनी स्कूटर. काम म्हणजे हिशेब लिहिणे, रिटर्न भरणे, बँकेच्या कर्जासाठी कागद करणे. ऑडिटची सही बाहेरच्या सीएंची, ते आजतागायत तसेच आहे.

वाढायला काही करावेच लागले नाही. चीनला आमचे हलक्या प्रतीचे लोहखनिज हवे होते आणि खाणपट्ट्यात ज्याला त्याला ट्रक हवा होता. ट्रकला कर्ज, कर्जाला तीन वर्षांची रिटर्न्स, रिटर्नला मी. एक ट्रकवाला पाच आणायचा. कामही सोपे होते. आयकर कायद्याच्या कलम ४४एई नुसार दहापर्यंत गाड्या असलेल्याला हिशेबाच्या वह्या ठेवायची सक्ती नव्हती. जड गाडीमागे महिन्याला (२०१०–११ पासून) ५,००० रुपये उत्पन्न धरायचे, गुणाकार करायचा, सही घ्यायची. वीस मिनिटांत रिटर्न, दीड हजार फी. मी सात मुली नेमल्या होत्या आणि त्यांतल्या पाच दिवसभर हाच गुणाकार करत होत्या. याला कोणी धोरण म्हणेल का? मी म्हणत होते.

बंदीनंतरचे पहिले वर्ष उधारीत गेले. लोक फी बुडवत नव्हते, फक्त देऊ शकत नव्हते. कोणी आमसुले आणून दिली, कोणी केळ्यांचा घड, एकाने जिवंत कोंबडा. सातांतल्या चार मुलींना मी घरी पाठवले. त्यांतल्या दोघींच्या वडिलांचे ट्रकही दारात उभे होते, म्हणजे त्या घरातले दोन्ही पगार एकदम गेले. हे मला अजून टोचते.

आणि मग उसगावचे एक काका आले. आठ ट्रक, सगळे कर्जाचे. आयुष्यात त्यांनी मला कधी प्रश्न विचारला नव्हता, फक्त 'सही खंय मारूं' एवढेच विचारायचे. त्या दिवशी रिटर्नचा कागद हातात घेऊन म्हणाले, "बाय, ट्रक दारांत उबो आसा आनी सरकार म्हणटा हांव जोडटां?" ट्रक दारात उभा, आणि सरकार म्हणते मी कमावतो?

त्यांचे बरोबर होते. ४४एई मध्ये गाडी चालली की नाही हे कोणी बघत नाही, तुमच्या मालकीची आहे ना, मग तेव्हाच्या दराने महिन्याचे ५,००० धरायचे. २०१३–१४ मध्ये त्यांची एकही गाडी हलली नाही, तरी आठ गाड्यांचे ४,८०,००० उत्पन्न कागदावर येत होते. कर फार पडला नसता. खरा तोटा दुसराच होता: या वाटेने गेले की तोटा दाखवताच येत नाही. व्याज, विमा, ड्रायव्हरला अधूनमधून दिलेले पैसे, सगळे गिळायचे. वह्या लिहिल्या, ऑडिट करून घेतले आणि वेळेत रिटर्न भरले, तर धंद्यातला तोटा पुढची आठ वर्षे ओढता येतो. म्हणजे धंदा पुन्हा उभा राहिला की सुरुवातीचा नफा त्यातून वळता होतो.

मी त्यांना दोन्ही बाजू कागदावर मांडून दाखवल्या. वह्यांचा खर्च, ऑडिटची फी, आणि पुढे काय वाचेल ते. तासभर गेला. त्यांनी दुसरी वाट धरली. उठताना म्हणाले, "हें पयलीं कित्याक सांगलें ना?"

आधी का सांगितले नाही? कारण कोणी विचारले नव्हते, आणि आम्ही कागद विकत होतो. त्या एका तासाची फी काय लावायची हे मला माहीतच नव्हते. मी काहीच लावली नाही.

पुढची दोन वर्षे दुसऱ्या विहिरी शोधण्यात गेली. फोंड्याच्या आजूबाजूला औद्योगिक वसाहती आहेत: कुंडई, बेतोडा, मडकई. मी तिथे दारोदार फिरले. सगळ्यांकडे हिशेबनीस होता आणि सगळ्यांना तो पुरेसा वाटत होता. शेवटी कुंडईच्या एका लहान कारखान्याने विचारले, "पगारपत्रक कराल का?" ६२ कामगार, निम्मे ओडिशा-बिहारचे, त्यांच्या पगाराचे काम करणारा माणूस अचानक सोडून गेला होता आणि महिन्याची सात तारीख पुढ्यात होती. मी हो म्हणाले. पगारपत्रक मी तोवर कॉलेजच्या पुस्तकात केले होते.

पहिला महिना लाजिरवाणा गेला. ओव्हरटाइम चुकला, ईएसआयची (कामगार विम्याची) कपात दोघांची दोनदा झाली आणि मॅनेजरने फोनवर जे ऐकवले ते इथे लिहिता येणार नाही. पण त्या कामात एक गोष्ट दिसली जी रिटर्नच्या कामात कधीच नव्हती. ते दर महिन्याला येते. पाऊस असो, चवथ असो, पगार द्यावाच लागतो आणि पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत पीएफचा भरणा करावाच लागतो. शिवाय एकदा कामगारांची माहिती तुमच्याकडे नीट बसली की ती पार्टी सहजी दुसरीकडे जात नाही. भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यावरचे नाव आणि आधारवरचे नाव यांत एका अक्षराचा फरक असला तरी माणसाचे पैसे अडकतात. ६२ जणांत १९ नावे अशी होती. ती दुरुस्त करायला आम्हाला पाच महिने लागले, आणि त्या पाच महिन्यांनी आम्हाला तो कारखाना कायमचा मिळवून दिला.

पुढे कधीतरी वाचले की अमेरिकेतली एडीपी ही पगारपत्रकांची प्रचंड कंपनी १९४९ मध्ये न्यू जर्सीतल्या पॅटरसन गावात ऑटोमॅटिक पेरोल्स या नावाने सुरू झाली होती, आणि हेन्री टॉब या तरुण हिशेबनिसाला ती कल्पना सुचली ती म्हणे असेच कुठेतरी पगार करणारा माणूस आला नाही आणि लोकांचे पगार अडले म्हणून. कुंडई आणि पॅटरसन! मी तो परिच्छेद मुलींना वाचून दाखवला. एक म्हणाली, "मॅडम, त्यांच्याकडे लोक सरकारी नोकरी लागली म्हणून सोडून जात नसतील."

हा गोव्यातल्या प्रत्येक फर्मचा खरा रोग. तुम्ही बी.कॉम. मुलगी घ्या, दोन वर्षे शिकवा, ती तयार झाली की निवडणूक जवळ येते आणि कुठल्यातरी खात्यात जागा निघतात. पेढे घेऊन येते बिचारी. रागवायचे कसे? तिच्या जागी मी असते तर मीही गेले असते. २०१६ च्या वर्षात माझ्या तीन जणी गेल्या आणि त्यांच्याबरोबर चाळीस पार्ट्यांची माहिती गेली. कोणाचा मालक बिले कधी पाठवतो, कोणाची दोन बँक खाती आहेत, कोणाच्या भावाशी वाद चालू आहे म्हणून फोन कोणाला करायचा नाही, हे सगळे त्यांच्या डोक्यात होते.

तेव्हापासून प्रत्येक पार्टीची एक वही ठेवली. आमच्याकडे तिला घरवही म्हणतात. पहिल्या पानावर धंदा काय, पैसा कुठून येतो, कुठे जातो. पुढे महिन्याचे काम, कोणत्या तारखेला काय मागायचे, मागच्या चुका. नवी मुलगी आली की आधी आठवडाभर वह्याच वाचते. आता त्या संगणकावर आहेत, नाव मात्र घरवहीच. फर्म म्हणून आमच्याकडे जर काही मालमत्ता असेल तर ती ही, टेबल-खुर्च्यांना कोण विचारतो? आणि ती सुचली सरकारी नोकरभरतीमुळे, हेही खरे.

मग जीएसटी.

१ जुलै २०१७ पासून तो लागू झाला आणि आमच्या जिन्यावर रांग लागली. ज्यांनी जन्मात बिलबुक वापरले नव्हते ते बिलबुक कसे छापायचे विचारायला आले. पहिले ३बी, म्हणजे महिन्याचे जीएसटी रिटर्न, २० ऑगस्टपर्यंत भरायचे होते. १९ तारखेला पोर्टल बसले आणि मुदत वाढवून २५ ऑगस्ट केली. २५ ऑगस्ट २०१७ म्हणजे चवथ! दिल्लीत कोणाच्या ध्यानीमनीही नसेल. फोंडा तालुक्यात त्या दिवशी दुकान तर सोडाच, रस्त्यावरचे कुत्रेही गणपतीच्या घरीच असते. आदल्या रात्री ऑफिसात आम्ही सहा जणी, बाहेर माटोळीच्या (गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या छताच्या) सामानाचा बाजार भरलेला, आणि पडद्यावर गोल फिरणारे ते चाक. सकाळी साडेपाचला घरी गेले तर आई म्हणाली, "तुझा गणपती कोणी पुजायचा, जीएसटीने?"

२०१८ च्या मार्चपर्यंत पार्ट्या ६० वरून २३८ झाल्या. मी काचेखालचा कागद बदलत राहिले. भजी-पाव पुन्हा सुरू झाले. आणि वर्षअखेरीस हिशेब केला तर नफा आधीच्या वर्षापेक्षा कमी.

विश्वास बसेना. मग एक महिना प्रत्येकीच्या टेबलावर शाळेची वही ठेवली आणि सांगितले, कोणत्या पार्टीला किती वेळ गेला तो अर्ध्या अर्ध्या तासाने लिहायचा. मुलींना ते अपमानास्पद वाटले, तेव्हा मी माझीही वही ठेवली. महिनाअखेर बेरजा मांडल्या. एक हार्डवेअरवाला, जो प्लास्टिकच्या पिशवीत ओली बिले आणून टाकायचा, त्याला महिन्याला १९ तास लागत होते. आमची फी ८०० रुपये. म्हणजे तासाला ४२. आमच्या भाटातला पाडेली दोन-तीन माड चढला की याहून जास्त घेतो, आणि त्याला नोटिशीला उत्तर द्यावे लागत नाही. दुसरीकडे पगारपत्रकाचे कारखाने तासाला सहाशेच्या आसपास देत होते. २३८ पैकी ऐंशी-नव्वद पार्ट्यांना आम्ही पदरमोड करून सेवा देत होतो, आणि त्यांच्या गर्दीत चांगल्या पार्ट्यांचे फोन उचलले जात नव्हते.

फी एका आकड्याऐवजी नोंदींच्या संख्येवर लावली: महिन्याला पन्नासपर्यंत नोंदी, दोनशेपर्यंत, त्याहून जास्त. बिले २० ऐवजी ५ तारखेपर्यंत आणणाऱ्याला सूट. काही जण कुरकुरले आणि राहिले. ७० च्या वर गेले, किंवा खरे सांगायचे तर मी घालवले. तीन महिन्यांची मुदत दिली, कागद नीट बांधून दिले आणि शिरोड्यात नुकतेच काम सुरू केलेल्या एका तरुणाकडे बऱ्याच जणांना पाठवले. त्याला आयते काम मिळाले, मला श्वास. यात माझे सख्खे मामा होते. त्यांच्या दुकानाचे काम मी पहिल्या दिवसापासून नाममात्र फीत करत होते. नवी फी कळल्यावर ते काही बोलले नाहीत. त्या वर्षी चवथीला मात्र आमच्याकडे आले नाहीत. पुढच्या वर्षी आले, पण फीचा विषय अजून कोणी काढत नाही.

त्याच सुमारास खाणी दुसऱ्यांदा बंद पडल्या. २०१४ मध्ये न्यायालयाने बंदी उठवताना वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली होती. ७ फेब्रुवारी २०१८ ला ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरणच रद्द झाले आणि १६ मार्चपासून सगळे थांबले. त्या संध्याकाळी मी लाल पेन्सिल काढली. खाणीवर अवलंबून असलेली फी एकूण फीच्या नऊ टक्के. रात्री झोप लागली. पण दारात पुन्हा उभे राहिलेले ट्रक कोणाचे होते हे माहीत होते, म्हणून ही गोष्ट मी ऑफिसात कोणाला सांगितली नाही.

मध्ये म्हापशाला शाखा काढायचे वेड लागले होते. चौदा महिने चालली. शुक्रवारी बाजाराच्या दिवशी माणसांना उभे राहायला जागा नसे आणि उरलेले दिवस नेमलेली मुलगी भिंतीवरची पाल बघत बसे. भाडे मात्र महिन्याचे तीसही दिवसांचे. बंद केली. आता दर शुक्रवारी आमची एक जण एका ओळखीच्या वकिलांच्या ऑफिसात टेबल टाकून बसते आणि संध्याकाळच्या बसने परत येते. शाखेपेक्षा जास्त काम आणते.

आता जी चूक सांगणार आहे ती पहिल्या चुकीपेक्षा मोठी आहे, कारण ती मी पेन्सिल हातात असताना केली.

जीएसटीत हॉटेलवाल्यांची पार तारांबळ उडाली होती. तेव्हा खोलीचे भाडे हजाराच्या आत असेल तर कर नव्हता, अडीच हजारांच्या आत १२ टक्के, साडेसात हजारांच्या आत १८, वर २८ असे दर होते. रेस्टॉरंटचा दर नोव्हेंबर २०१७ मध्ये ५ टक्के झाला, पण खरेदीवरच्या कराची वजावट गेली. एकाच इमारतीत खोल्या, रेस्टॉरंट आणि बार असेल तर तीन तऱ्हेचे हिशेब, आणि दारू तर जीएसटीच्या बाहेरच. आम्ही तो विषय घोटून घोटून शिकलो. कळंगुट, कांदोळी, पाळोळे, सगळीकडून कामे आली. फीही चांगली. कोणत्या धंद्यातून किती टक्के फी येते याचा तक्ता मी मांडत असे. एप्रिलच्या तक्त्यात हॉटेले २२ टक्के होती आणि मी स्वतःला शाबासकी दिली होती.

मार्च २०२० मध्ये विमाने थांबली. आणि थांबले कोण? हॉटेल तर थांबलेच. हॉटेलच्या चादरी धुणारी लॉन्ड्री थांबली. भाजी पुरवणारा थांबला. टॅक्सीवाले, स्कूटर भाड्याने देणारे, जलक्रीडावाला, एसी दुरुस्त करणारा, सगळे. तक्त्यात ते 'सेवा', 'व्यापार', 'वाहतूक' अशा वेगवेगळ्या रकान्यांत बसले होते. बेरीज ४१ टक्के. २०१२ ला जे मला रात्री दोन वाजता कळले होते तेच आठ वर्षांनी पुन्हा, फक्त तेव्हा खनिज होते आणि आता पर्यटक. नवरा म्हणाला, "तुझी पेन्सिल रंग बघते, पाणी बघत नाही." त्याला असली वाक्ये सुचतात, हिशेब मात्र येत नाही.

वाचवले पगारपत्रकांनी. वेर्ण्याचे औषधांचे दोन कारखाने आमच्याकडे होते आणि औषधे थांबत नाहीत. शिवाय त्या महिन्यांत पीएफमधून तीन महिन्यांचे मूळ वेतन-महागाईभत्ता किंवा शिलकीचा ७५ टक्के भाग, यांतली कमी असेल ती रक्कम काढायची मुभा मिळाली होती. कामगारांचे फोन थेट आमच्या मुलींना येत. आधार आणि खात्यावरची नावे आम्ही २०१५ पासून जुळवत आलो होतो, त्यामुळे आमच्या कारखान्यांतल्या बहुतेकांचे पैसे अडले नाहीत. हे तोंडातोंडी पसरले. त्या वर्षी एकही जाहिरात न करता पगाराच्या कामाच्या सहा नव्या पार्ट्या मिळाल्या.

त्यानंतर तक्त्याची पद्धत बदलली. आता घरवहीच्या पहिल्या पानावर पार्टीचा धंदा लिहितोच, पण त्याखाली तिच्या तीन मोठ्या गिऱ्हाइकांचा धंदाही लिहितो. टक्केवारी त्यावरून काढतो. कोणत्याही एका झऱ्याची फी चौथ्या हिश्श्याच्या वर गेली की त्या बाजूचे नवे काम थांबवायचे. हे म्हणायला सोपे. डिसेंबरात चांगल्या फीचे हॉटेल दारात आले आणि त्याला नाही म्हणायचे म्हणजे पोटात गोळा येतो.

यात एक काम असे निघाले ज्याची किंमत मला स्वतःला कळली नव्हती. गोव्यात पोर्तुगीज काळापासून नवराबायकोची मालमत्ता समाईक धरतात. त्यामुळे १९६१ च्या आयकर कायद्यात कलम ५ए आहे: या पद्धतीखाली येणाऱ्या जोडप्याचे पगाराखेरीज सगळे उत्पन्न, भाडे, धंदा, जमीनविक्रीचा नफा, निम्मे निम्मे दोघांच्या रिटर्नमध्ये दाखवायचे. (गंमत म्हणजे कलमात ती संहिता १८६० ची लिहिली आहे, आहे १८६७ ची. कोणी दुरुस्त केले नाही.) आम्ही हे लहानपणापासून बघत आलो. दीड हजाराच्या रिटर्नमध्ये ते फुकट करून टाकायचो.

२०२१ मध्ये बेंगळुरूहून एका फर्मचा फोन आला. त्यांची एक गोवेकर पार्टी होती, डॉक्टर. दवाखान्याच्या तळमजल्यावर बँकेचे एटीएम, भाड्यावर कापलेला कर सगळा नवऱ्याच्या नावावर, रिटर्नमध्ये उत्पन्न निम्मे. मेळ बसेना म्हणून नोटीस. त्यांच्या सॉफ्टवेअरला हा प्रकारच उमगत नव्हता. मी अर्ध्या तासात बायकोच्या वाट्याचे भाडे तिच्या रिटर्नमध्ये कुठे घालायचे, त्यावर कापलेल्या कराचे श्रेय तिला कसे द्यायचे हे सांगितले. त्यांनी विचारले, तुमची फी? मी घाबरत घाबरत सहा हजार म्हणाले. त्यांनी लगेच पाठवले आणि वर विचारले, अशा अकरा पार्ट्या आहेत, वर्षाचे काम घ्याल का?

आज अशा बाहेरच्या सात फर्म आमच्याकडे गोव्याचे काम पाठवतात. आम्ही त्यांच्या पार्टीला कधी भेटतही नाही. त्यांच्याकडून बदल्यात एक गोष्ट शिकले: काम हाती घेण्याआधी काय करणार, काय करणार नाही, किती दिवसांत, हे एका पानावर लिहून सही घ्यायची. आमच्याकडे 'बघूया, करूया' वर सगळे चालायचे.

हिशेब लिहायचे काम मात्र डोळ्यांदेखत आटते आहे. पुरवठादारांची बिले आता जीएसटीच्या पोर्टलवर आपोआप जमतात. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांचे धंद्यातले बिल मुळात ई-इनव्हॉइस होऊनच निघते. बँकेचे स्टेटमेंट मशीन वाचते. पूर्वी चार मुली नोंदी करायच्या, आता एक तपासते. उरलेल्या तिघींतल्या दोघी नोटिशींना उत्तरे लिहायला शिकल्या. तिसरी सरकारी नोकरीत गेली, पेढे फोंड्यातल्या चांगल्या दुकानातले होते.

गेल्या डिसेंबरात उसगावचे काका पुन्हा आले. आठपैकी पाच ट्रक त्यांनी तेव्हाच विकले, दोन मुलाने वाळू-खडीला लावले, एकाचा सांगाडा अजून दारात आहे, त्यावर दुधीचा वेल चढला आहे. लिलाव झालेल्या खाणपट्ट्यांतला डिचोलीचा पहिला २०२४ मध्ये सुरू झाला, आता मुलाला आणखी दोन गाड्या घ्यायच्या आहेत. बरोबर मुलगा आणि शेजारचे तिघे होते, प्रत्येकाच्या हातात आरसी बुक आणि बँकेचा फॉर्म.

"बाय, खणी सुरू जाल्यो," काका म्हणाले. "ह्या तिगांचेंय तूं पळय."

चहा मागवला. मी तक्ता उघडला, खनिजाचा रकाना बघितला. चार टक्के. चौघांनाही घ्यायला जागा होती. काकांच्या मुलाला विचारले, गाडी चालली नाही तर हप्ता कुठून भरणार? तो बापाकडे बघायला लागला. मग मी कोरा कागद काढला, मध्ये उभी रेघ मारली, आणि सगळ्यांना खुर्च्या जवळ ओढायला सांगितल्या. या वेळी तासाची फी आधी सांगितली.